फळ्याकडे पाठ

सानपाडा, रविवार दुपार

प्रिय मैतू,

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर माझ्या कॉलेजचा विषय निघाला की तू लगेच विचारतेस, "ताई, जेवलीस का?" आणि मग आपण दोघी भाजीवर येतो. पत्राला असं मधेच वळवता येत नाही, म्हणून टाइप करून पाठवतेय. तुझा फोन ते त्याच्या सपाट आवाजात तुला वाचून दाखवील. मागे मी आईची पाठ दुखतेय का असं लिहिलं होतं, तर त्याने ते रेल्वेच्या घोषणेसारखं वाचलं म्हणून तू हसली होतीस. आज मजकूर लांब आहे. पडवीत जाऊन बस, आणि पप्पांना सांग, थोडा वेळ टीव्ही बारीक करा.

आम्हा नवराबायकोचं बरं चाललंय. अंकुश महापेच्या ऑफिसातून रोज उशिरा येतो आणि आल्या आल्या पप्पांच्या जुन्या कंपनीचं काय झालं ते सांगतो. आता तिथे काचेची इमारत उभी राहिलीय, गेटवरचं वडाचं झाड मात्र ठेवलंय, असं पप्पांना सांग. त्यांना बरं वाटेल.

आता मुख्य बातमी. यंदा मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची ऑरगॅनिक केमिस्ट्री दिलीय. वाशीच्या आमच्या कॉलेजात हा विषय म्हणजे मुलांना शिक्षा वाटते. मुलं चांगली आहेत गं. कुणी कोपरखैरण्याहून येतं, कुणी घणसोलीहून, बरीचशी तुर्भ्याची. पण त्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय की ऑरगॅनिक पाठ करायचं असतं. प्रितम नावाचा एक मुलगा आहे, पहिला येणारा. त्याने प्रत्येक अभिक्रिया वेगवेगळ्या रंगाच्या कार्डांवर लिहून ठेवलीय आणि कॅन्टीनमध्ये बसून तो ती पत्त्यांसारखी पिसतो. पहिल्या चाचणीत मी एक प्रश्न थोडा बदलून दिला. अभिक्रिया शिकवलेलीच, फक्त रेणू नवा. निम्म्या वर्गाने पान कोरं सोडलं. प्रितमनेही. तास संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, हे नोट्समध्ये नव्हतं."

मला त्याचा राग आला नाही. मी तशीच होते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? माझं एम.एस्सी. चालू होतं आणि तू अजून बी.एस्सी.ला होतीस. मी पानंच्या पानं बाण काढत बसायचे आणि शेवटी रडायला लागायचे. तू गॅलरीत कपडे वाळत घालता घालता म्हणायचीस, "पेन खाली ठेव आधी. आता सांग, तिथे आहे काय?" मी सांगायचे. मग तू विचारायचीस, सुरुवात आणि शेवट यांत नेमकं काय बदललं? कोणता बंध तुटला, कोणता नवा आला? इलेक्ट्रॉन कुणाकडे जास्त आहेत आणि कुणाला हवेत? एवढ्यावर नाही सुटलं तर म्हणायचीस, "मग उलटी चाल. शेवटी जे मिळालंय ते बनायच्या एक पाऊल आधी काय असेल?" हातात ओली चादर, तोंडात चिमटा, आणि कागदाकडे एकदाही न बघता तू माझं गणित सोडवून द्यायचीस. तेव्हा मला वाटायचं, ही किती हुशार आहे. आज शिकवताना कळतं की तुझ्याकडे प्रश्न विचारायचा क्रम होता. तो कुणालाही शिकवता येतो.

सप्टेंबरात मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. घाबरू नकोस, नंबर वाढलाय, एवढंच. त्यांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि दुपारी माझा तास होता. सुट्टी टाकायला हवी होती, पण अभ्यासक्रम मागे पडलेला. गेले. वर्गात शिरले तर समोर सगळं दूध सांडल्यासारखं. फळ्यावर मी काय लिहितेय ते मलाच दिसेना. मग मी प्रितमला फळ्यावर बोलावलं आणि म्हटलं, "तू काढ, आणि काढतोस ते बोलून दाखव. मला आज दिसत नाहीये."

तो म्हणाला, "मॅडम, हा अ‍ॅरो इथून असा इकडे जातो."

"इथून म्हणजे कुठून?"

"इथून. ह्याच्यावरून."

"ह्याच्या म्हणजे कुणाच्या?"

तो फळ्याकडे वळला. खडू हातात धरून बघत राहिला. वर्ग हसायला लागला, तर मी दुसऱ्या मुलाला उठवलं. त्यालाही सांगता येईना. तिसरीलाही नाही. अख्ख्या वर्गाला चित्र काढता येत होतं आणि चित्रात काय आहे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांनी बाण पाठ केले होते, जशी लहान मुलं सही पाठ करतात. तो तास असाच गेला. एक साधा रेणू शब्दांत मांडायचा, बस. लांब साखळी आधी, कार्बनला नंबर, मग कुठल्या नंबरवर काय लटकलंय. तास संपला तेव्हा मुलं दमली होती आणि मला फार दिवसांनी शिकवल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी खुर्ची फळ्याकडे पाठ करून ठेवली आणि मुलांकडे तोंड करून बसले. मुलांना सांगितलं, यापुढे फळ्यावर तुम्ही काढायचं, मी वळून बघणार नाही. मला जे कळेल ते तुमच्या बोलण्यातून. मुलांना वाटलं, मॅडमची एक दिवसाची लहर आहे. पण दिवाळीची सुट्टी संपली तरी खुर्ची तशीच होती.

सुरुवातीला फार हाल झाले. मी डोक्यात रेणू मांडायचे आणि तो मधेच सुटून जायचा, विणताना टाका सुटावा तसा. पुन्हा सांगा म्हणायचे. मग एका बाकावरून उन्नती म्हणून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मटार आणू का?" तिचे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीभर मटार आणि दात कोरायच्या काड्या आणल्या. एक जण बोलणार, मी ऐकून मटारांना काड्या टोचून रेणू हातात जोडणार, आणि शेवटी माझ्या हातातला रेणू फळ्यावरच्या रेणूशी जुळतो का ते वर्ग बघणार. नाही जुळला तर चूक बोलणाऱ्याची की ऐकणारीची, यावर भांडण. प्रॅक्टिकलच्या शिपाईमामांनी दोनदा डोकावून विचारलं की स्वयंपाकाचा वर्ग आहे का.

उन्नतीबद्दल सांगते. पहिल्या चाचणीत तिचं पान पहिल्या ओळीपासून कोरं होतं. बोलायची मात्र खूप, बाकावर शेजारणीशी. एक दिवस मी तो प्रश्न दिला जो तू मला दिला होतास. चार कार्बनची साखळी, दुसऱ्यावर ओएच, तिसऱ्यावर दोन मिथाइल. आम्ल घालून तापवलं तर डबल बॉन्ड येतो, पण मुलांना वाटतं तिथे येत नाही. प्रितमने लगेच नेहमीचं उत्तर सांगितलं. मी म्हटलं, प्रत्यक्षात मिळतं ते हे नाही, आणि मिळतं ते सांगितलं. तो म्हणाला, "मग पुस्तकात एक्सेप्शन म्हणून दिलं असेल."

उन्नती बसूनच म्हणाली, "मॅडम, आधी दोन्ही मिथाइल तिसऱ्यावर होते. आता एक दुसऱ्यावर आहे. म्हणजे एकाने घर बदललं."

"का बदललं?"

"थांबा हं. दुसऱ्यावरून पाणी निघून गेलं, तिथे पॉझिटिव्ह चार्ज राहिला. त्याला सांभाळायला बाजूला माणसं कमी. मग शेजारचा मिथाइल आपले इलेक्ट्रॉन घेऊन तिथे राहायला आला." ती थांबली. "मग चार्ज तिसऱ्यावर गेला. तिकडे आजूबाजूला जास्त जण आहेत, तिकडे त्याला बरं. मग डबल बॉन्ड दोघांच्या मधे."

मैतू, मी फळ्याकडे पाठ करून बसले होते आणि मला ते सगळं दिसलं. तुझी शपथ. मिथाइल सरकताना दिसला. मी तिला शाबासकी द्यायला हवी होती, पण मी नुसती मान हलवली.

प्रितम मात्र नाराज होता, आणि त्याचं अगदी चुकत होतं असंही नाही. तो म्हणायचा, "मॅडम, परीक्षेत लिहायचं असतं. बोलून मार्क मिळत नाहीत." त्याच्या घरून तक्रार गेली. आमचे विभागप्रमुख राजवर्धन सर, त्यांनी मला बोलावलं. माणूस शिस्तीचा, पण ऐकून घेतो. म्हणाले, "मॅडम, पोर्शन मागे आहे. पालक म्हणतात तुम्ही फळ्याकडे बघतसुद्धा नाही. हे काय आहे?" मी म्हटलं, सर, एकदा वर्गात येऊन बसा, मग बंद करायचं की नाही ते ठरवा. ते म्हणाले, "येतो. प्रश्न माझा असेल."

ते यायच्या आदल्या संध्याकाळी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. अंकुश म्हणाला, एवढं काय, फार तर खुर्ची फिरवायला लावतील. त्याला मी तोवर पूर्ण सांगितलं नव्हतं. मला सारखा मे महिना आठवत होता.

मे महिन्यात मी गावी आले होते तेव्हाचं तुला आठवतं का माहीत नाही. काकांची वैष्णवी तिचं पुस्तक घेऊन तुझ्याकडे आली. बारावीला बसणार होती ती. म्हणाली, "मैत्रीताई, हे एवढं सांग ना." तू म्हणालीस, "मला दिसत नाही गं, मी काय सांगणार? अक्षताताईला विचार." आणि उठून भिंतीला हात लावत आत गेलीस. वैष्णवीला मीच सांगितलं. आई मला म्हणाली, "तिला नको छेडूस आता. तिचं तिला राहू दे." संध्याकाळी मी तुला चहा द्यायला आले. तू खाटेवर बसली होतीस, तोंड खिडकीकडे. आणि तुझं बोट चादरीवर चाललं होतं. मी दारातच थांबले. तू षटकोन काढत होतीस. एक, त्याला चिकटून दुसरा, मग एक बाजूची फांदी, मग हाताने चादर सारखी केलीस, पुसल्यासारखी, आणि पुन्हा पहिल्यापासून. तू वैष्णवीचा प्रश्न सोडवत होतीस. मी चहा खाली ठेवला आणि कप वाजवला, म्हणजे तुला वाटावं की आत्ताच आले.

त्या अपघाताबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही. पुण्यात तू काम करायचीस त्या प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरचं भांडं फुटलं, त्यात तुझं काही चुकलं नव्हतं, आणि ज्याचं ते भांडं होतं त्या पोराचंही फारसं नव्हतं. ऑपरेशनं झाली. उजव्या डोळ्याने उजेड तेवढा कळतो, असं तू म्हणतेस. "थोडे दिवस गावी राहते" म्हणून तू आईपप्पांकडे गेलीस आणि तिथेच राहिलीस. तुझी पुस्तकं आमच्या दिवाणात आहेत. तू त्यांच्याबद्दल विचारत नाहीस, मी सांगत नाही. घरातली सगळी कामं तू शिकलीस, विहिरीपर्यंत एकटी जातेस, फोनवर सगळं करतेस. फक्त केमिस्ट्री तू मेलेल्या माणसासारखी नाव न घेता ठेवलीस. आणि मी ते मान्य करून चालले होते, त्या बोटापर्यंत.

तर राजवर्धन सर आले. शेवटच्या रांगेत बसले. त्यांचा प्रश्न उलटा होता. एक अल्कोहोल दिलं, बेन्झीनची रिंग, तिला लागून एक कार्बन, त्यावर ओएच आणि एक मिथाइल. हे कशापासून बनवाल? मी प्रितमलाच फळ्यावर पाठवलं. तो मोठ्याने बोलायला लागला, ओएच ज्या कार्बनवर आहे तिथला एक बंध तोडून बघू, मिथाइलचा तोडू. माझ्या डोक्यात मी मिथाइल सोडवला. इकडे एक अल्डिहाइड राहिलं, तिकडे मिथाइल. बरोबर चाललं होतं. तेवढ्यात वर्गात गलका झाला.

"अरे, बोललास मिथाइल आणि तोडलीस रिंग."

प्रितमने फळ्याकडे बघितलं असणार. म्हणाला, "सॉरी, सॉरी, पुसतो."

मला ज्याची भीती वाटत होती तेच हे होतं. बोलणं बरोबर, काढलेलं वेगळं, आणि मला कधीच कळलं नसतं. पण वर्गाला कळलं होतं. मी म्हटलं, "पुसू नकोस. काय काढलंयस ते सांग." त्याने सांगितलं. रिंग एका बाजूला, दोन कार्बनचं अल्डिहाइड दुसऱ्या बाजूला. उन्नती म्हणाली, "मॅडम, पण हे पण चालेल ना? इकडून पण तेच अल्कोहोल येईल." मग वर्गात जी चर्चा सुरू झाली तिला मी आवरलंच नाही. दोन्ही रस्ते बरोबर होते. आणि पाठीमागून राजवर्धन सरांचा आवाज आला, "ठीक आहे, दोन्ही चालतील. पण तुम्ही कुठला निवडाल? का?" ते तपासायला आले होते हे विसरून गेले होते. तास संपल्याची घंटा झाली तरी बोलत होते.

मुलं गेल्यावर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकदाही वळला नाहीत." मी म्हटलं, नाही सर. मग त्यांनी विचारलं, "हे कुणासाठी चाललंय?" माणूस हुशार आहे. मी सांगितलं.

सहामाहीचा निकाल लागला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. काही जण नापासही झाले. पण नवा रेणू दिलेल्या प्रश्नावर कोरं पान जवळपास कुणी सोडलं नव्हतं, चुकलेल्यांनीसुद्धा कुठवर विचार केला ते लिहिलं होतं. प्रितमची कार्डं अजून आहेत. पण परवा कॅन्टीनमध्ये तो एक कार्ड पालथं धरून मित्राला तोंडी सांगताना दिसला.

आता खरं ते लिहिते. थेंब घातले तो दिवस योगायोगाचा होता. त्यानंतर रोज मी फळ्याकडे पाठ केली ती तुझ्यासाठी. मला बघायचं होतं की फळा न दिसता हा विषय शिकवता येतो का. तुला आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि माझ्याजवळ उत्तर नसतं. आता आहे. शिकवता येतो, मैतू. अवघड जातं, चुका होतात, पण मुलं आणि शिक्षक मिळून त्या पकडतात, आणि मी हे सगळं डोक्यात धरायला धडपडते तिथे तुला कागद कधी लागलाच नव्हता. जानेवारीपासून दुसऱ्या वर्षाच्या ट्युटोरियलसाठी तासिका तत्त्वावर माणूस हवाय. प्रॅक्टिकल नाही, ते तू घेणार नाहीस हे मी सरांना स्पष्ट सांगितलंय. सर म्हणाले, "त्यांनी एक तास घ्यावा, मी ऐकतो. पण त्यांना स्वतःला यायचं असेल तरच." मुलांनाही मी काल सांगितलं, मी अशी का बसत होते ते. मग प्रितम, तोच प्रितम, म्हणाला, "मॅडम, त्यांना येऊ द्या. आम्ही नीट बोलू." हे पत्र मी एवढ्यासाठी लिहिलं. नको वाटलं तर नको म्हण, मी परत विचारणार नाही आणि माझ्या मायेत काही फरक पडणार नाही. पण यायचं असेल तर पप्पा तुला महाडहून बसमध्ये बसवून देतील, पनवेलला मी उभी असेन. तास तुझा. मी शेवटच्या बाकावर बसणार आहे आणि काही बोलणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी, तुझीच विद्यार्थिनी आणि योगायोगाने तुझी ताई,
अक्षता